मोजणे आणि जपणे

जांब समर्थ हे आमच्या जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील गाव. सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी १६०८ सालच्या रामनवमीला जन्मलेला नारायण पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला, तो याच गावचा. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकून त्याने पळ काढला, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिच्यातील एक तपशील मात्र सहसा कुणी लक्षात घेत नाही. ‘सावधान’ हा शब्द मूळचा वैराग्याचा नव्हे, कालगणनेचा आहे. घटिका भरत आली आहे, ज्योतिषाने काढून दिलेला क्षण निसटू देऊ नका, एवढाच त्याचा लग्नमंडपातला अर्थ. नारायणाने तो क्षण निसटू दिला. आणि परंपरा सांगते की, नाशिकजवळच्या टाकळीला जाऊन, नदीच्या पात्रात उभे राहून त्याने त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप बारा वर्षांत पुरा केला. दुसऱ्याने मोजून दिलेला मुहूर्त नाकारला आणि स्वतः मोजायची एक प्रचंड संख्या पत्करली, असे या कथेकडे पाहता येते. जपमाळेविषयी विचार करताना मला ही कथा पुन्हा पुन्हा उपयोगी पडली आहे.

तेरा कोटी या आकड्याचा हिशेब एकदा करून पाहावा. बारा वर्षांचे दिवस सुमारे ४,३८०. म्हणजे रोजचा जप २९,६०० च्या वर, माळांत सांगायचे तर रोज सुमारे २७५ माळा. एका मंत्राला दोन सेकंद धरले तरी रोजचे साडेसोळा तास होतात. नदीत उभे राहून माध्यान्हीपर्यंत केलेल्या जपात हा आकडा बसत नाही. भिक्षा मागताना, चालताना, स्वयंपाक करताना, जागेपणीच्या प्रत्येक क्षणी जप चालू असेल तरच तो बसतो. त्यामुळे परंपरेने सांगितलेली ही संख्या मला नोंदवहीतील आकड्यासारखी वाटत नाही. ‘अखंड’ हा शब्द तिथे अंकांत लिहिला आहे. मंत्राची अक्षरे तेरा, म्हणून कोटीही तेरा. अक्षरांच्या हिशेबाने जपाची संख्या ठरवण्याची रीत मंत्रशास्त्रात जुनीच आहे.

आता दुसऱ्या प्रकारची संख्या पाहू. पंचांगांत ग्रहांच्या जपसंख्यांचे कोष्टक असते. रवीला सात हजार, चंद्राला अकरा हजार, गुरूला एकोणीस हजार, आणि शनीला तेवीस हजार. सोबत त्या त्या ग्रहाचे रत्न, धान्य, वस्त्र, दानाचा वार. माळेचा मणीही ग्रहागणिक बदलतो: चंद्राला मोती, मंगळाला पोवळे, शुक्राला स्फटिक, आणि कुठेही चालतो म्हणून रुद्राक्ष. माळ फिरवण्याचे नियम सर्वत्र जवळपास सारखेच आहेत. माळ मध्यमेवर ठेवावी, मणी अंगठ्याने ओढावा, तर्जनीचा स्पर्श होऊ देऊ नये, माळ गोमुखीत किंवा पदराखाली झाकलेली असावी. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही. माळ उलटी फिरवून आल्या वाटेने परतायचे. मणी १०८, पण हिशेबात धरायचे शंभरच. उरलेले आठ चुकल्यामाकल्याचे. मन भरकटणार, उच्चार निसटणार, हे गृहीत धरूनच हा व्यवहार मांडलेला आहे. कर्मकांडाच्या कठोर नियमांत माणसाच्या दुबळेपणासाठी ठेवलेली ही आठ मण्यांची जागा मला नेहमीच लोभस वाटते.

१०८ या संख्येचे ज्योतिषातील स्पष्टीकरण साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे असे आहे. नक्षत्रे सत्तावीस, प्रत्येकाचे चरण चार, एकूण १०८. राशिचक्राच्या ३६० अंशांच्या कला होतात २१,६००, म्हणजे एका चरणाच्या वाट्याला दोनशे कला. माणूस अहोरात्रात घेतो त्या श्वासांची परंपरेने मानलेली संख्याही २१,६०० च. आकाशाची आणि श्वासाची ही बेरीज जुळवून आणलेली आहे हे उघड आहे. परंतु तिच्याहून मला अधिक मोलाची वाटते ती अवकहडा चक्राची गोष्ट. या १०८ चरणांपैकी प्रत्येकाला एक अक्षर नेमून दिलेले असते आणि जन्मवेळच्या चंद्राच्या चरणावरून मुलाचे नावरस नाव निघते. या हिशेबाने जपमाळ ही १०८ अक्षरांची एक वर्णमालाच ठरते. ओढणाऱ्याचे स्वतःचे आद्याक्षरही तिच्यातल्या कुठल्यातरी मण्यावर असते, आणि प्रत्येक फेरीत ते बोटांखालून एकदा निघून जाते.

हे सारे पुस्तकी ज्ञान झाले. शनीच्या तेवीस हजारांशी माझी ओळख झाली ती २०१३ च्या उन्हाळ्यात, आमच्या गावी. मागचा पावसाळा कोरडा गेला होता. जालन्याची मोसंबी नावाजलेली. तिला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या वर्षी मात्र जिल्ह्यात बागाच्या बागा उभ्या वाळल्या. विकतच्या टँकरने पाणी घालून जगवलेल्या आमच्या बागेची पानेही मार्चमध्ये वळायला लागली. वडिलांची रास तूळ, आणि शनी तेव्हा तुळेतच होता. साडेसातीतील मधली अडीचकी. गावातील जाणत्याने तेवीस हजार जप सांगितला. दक्षिणा देऊन तो दुसऱ्याकडून करून घेण्याचीही सोय होती. आईने ती नाकारली. बाईमाणसाने वैदिक मंत्र म्हणू नये, नाममंत्र म्हणावा, असे तिला सांगण्यात आले. तिने त्यावर वाद घातला नाही. ‘नाव तर नाव,’ एवढेच ती म्हणाली.

आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ तिच्या लग्नाआधीपासूनची. आता हातात रुद्राक्षाची आली. या दोन माळांतील फरक आमच्या भागात कुणाला समजावून द्यावा लागत नाही. गळ्यातील माळ मोजायची नसते. ती घातली की मांसमद्य सुटते, एकादशी लागते, वारी लागते. ती घालायची ती जन्माच्या कराराने. हातातील माळ ठराविक संख्येची आणि ठराविक कामासाठीची. रोज दहा माळा, म्हणजे एक हजार; तेवीस दिवसांत तेवीस हजार. माळ पुरी झाली की आई ज्वारीचा एक दाणा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकी. तिने सुरुवातीलाच २३० दाणे मोजून घेतले होते.

गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर येई, पण त्याला वेळ नव्हती. कधी सकाळी आठला, कधी दुपारी तीनला, कधी दुसऱ्या दिवशी. बायका ड्रम आणि घागरी रांगेत लावून लिंबाखाली बसत. आई तिथेच पदराखाली माळ धरून बसे. पहाटे देवापुढे पाच माळा आणि उरलेल्या पाच टँकरच्या रांगेत, असा तिचा नेम पडून गेला. सुटीत मी गावी होतो. उन्हात बसून जप करण्यापेक्षा घरी सावकाश कर, मी रांगेत थांबतो, असे मी तिला म्हणालो. तिचे उत्तर असे होते: ‘टँकर कव्हा यील ते कोणाला ठाव? माळ कव्हा सरंल ते मला ठाव हाय.’

जपमाळेविषयी मी वाचलेल्या कोणत्याही ग्रंथापेक्षा या दोन वाक्यांत मला अधिक सापडले. दुष्काळात माणसाला पाण्याच्या अभावाइतकेच आणखी एक गोष्ट छळते. ती म्हणजे अवधी माहीत नसणे. पाऊस केव्हा, टँकर केव्हा, कर्जाची नोटीस केव्हा, यांपैकी कशालाच शेवटची ओळ नसते. ज्योतिषातील जपसंख्या अशा बेअंत भीतीला एक अंत काढून देते. शनी हा सर्वांत मंद ग्रह, ‘शनैश्चर’ म्हणजेच सावकाश चालणारा. राशिचक्र पुरे करायला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्याचे चालणे माणसाच्या हाती नाही. पण तेवीस हजारांतले आजचे एक हजार संपवणे हाती आहे.

म्हणून या व्यवहाराचे समर्थन करावे काय? नाही. शनी जपाने हलत नाही आणि मोसंबीला पाणी लागते. भीती दाखवणारा आणि भीतीवरचा उतारा सांगणारा बहुधा एकच असतो, ही गोष्ट आपण नजरेआड करू नये. ज्योतिषाच्याच नियमाने तूळ ही शनीची उच्च रास. तिथे तो फारसा बाधू नये असाही अर्थ काढता आला असता. पण भ्यालेल्या माणसाला असा अर्थ कुणी काढून देत नाही. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. वर्गात विद्यार्थ्यांनी विचारले, जप या कायद्यात बसतो का? बसत नाही, हे त्याचे सरळ उत्तर. अघोरी कृत्ये आणि फसवणूक यांना तो कायदा रोखतो. घरात बसून कुणी नाव घेत असेल तर त्याच्याशी त्याचे भांडण नाही. पण मुलांचा खरा प्रश्न वेगळा होता. जी गोष्ट फळ देत नाही, ती माणसे का करतात?

आपल्या संतकवींनी या प्रश्नाची दुसरी बाजू फार पूर्वी पाहिली होती. माळेच्या प्रदर्शनावर तुकोबांनी ओढलेले कोरडे प्रसिद्ध आहेत. दासबोधाच्या चौथ्या दशकातील तिसरा समास नामस्मरणाचा. तिथे रामदास सुखात, दुःखात, कामात, विश्रांतीत नाम घ्यायला सांगतात. त्यात ग्रहपीडेचा उतारा हा मुख्य मुद्दा नाही, आणि त्याच दासबोधात यत्नाला थेट देवाचे स्थान दिले आहे. तेरा कोटींची आख्यायिका ज्याच्याभोवती उभी राहिली, तोच माणूस प्रयत्न सोडून बसणाऱ्याला करंटा म्हणतो. मला वाटते, यात विसंगती नाही. कुणीतरी नेमून दिलेली संख्या हा उपाय असतो, तो फळावर डोळा ठेवून चालतो आणि फळ आले नाही की फसतो. स्वतः घेतलेली संख्या ही साधना असते, ती करणाऱ्यालाच घडवत जाते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. बोटे तीच, मणी तेच.

प्रत्यक्ष आयुष्यात मात्र या दोहोंमधील रेघ इतकी ठळक नसते. आईचा तेविसावा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात पडला. मेअखेर बाग तोडावी लागली. तीनशे झाडे करवतीने कापली आणि लाकूड जळणाच्या भावाने गेले. वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आईने वाटीतले २३० दाणे दळणात टाकले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाहिले, ती माळ घेऊन बसली होती. आता कशाचा जप, असे विचारल्यावर म्हणाली, ‘कशाचाच न्हाई. बसायची सवय लागली.’ दुसरी वाटी आता समोर नव्हती. जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. त्याचे श्रेय तिने शनीला दिले नाही, आणि बागेचा दोषही दिला नाही.

मराठीत ‘जपणे’ हे क्रियापद दोन अर्थांनी वावरते. मंत्र जपतात, आणि लेकरू जपतात, डोळा जपतात, नाते जपतात, पावसाळ्यात वाट निसरडी असली तर जपून चालतात. व्युत्पत्तीचा निवाडा कोशकारांनी करावा; पण बोलणाऱ्यांच्या मनात हे दोन अर्थ एकमेकांच्या शेजारीच राहतात, हे आपण रोज ऐकतो. पुन्हा पुन्हा लक्ष देणे हे दोहोंतले समान सूत्र. आईच्या जपात फळ शोधायला गेलो तर काही हाती लागत नाही. पण तिच्या त्या तेवीस दिवसांत घरात चूल वेळेवर पेटत होती, वडिलांच्या ताटावर कुणीतरी समोर बसलेले असे, आणि बँकेची नोटीस आली तेव्हा ती वाचून घ्यायला न भिणारे एक माणूस घरात होते.

दासबोधाचा तो समास शिकवताना मी आता विद्यार्थ्यांना तेरा कोटींचे गणित फळ्यावर सोडवून दाखवतो. मुले हसतात, मग साडेसोळा तासांपाशी गप्प होतात. त्यानंतर माळेतील ते आठ मणी सांगतो, जे मोजायचे नसतात. परीक्षेत यावर प्रश्न येत नाही. तरी दरवर्षी एखादी मुलगी तास संपल्यावर थांबते आणि सांगते की, तिच्या आजीकडेही ज्वारीच्या दाण्यांची अशीच एक वाटी होती.