सोळा पायऱ्यांचा जिना

तुमच्यापैकी कितीजणांनी घर बदललंय? हात वर करा पाहू! भाड्याचं नव्हे हं, चांगलं विकत घेतलेलं, कागदावर आईबाबांची सही असलेलं घर. मग तुम्हांला ठाऊकच असेल. किल्ली हातात येते, पेढे वाटून होतात, दारावर आंब्याच्या पानांचं तोरण लागतं, आणि तरीही पहिले काही दिवस आपण त्या घरात पाहुण्यासारखे वावरतो. रात्री पाणी प्यायला उठलं की हात भलत्याच भिंतीवर दिव्याचं बटण शोधत बसतो. आणि तिथे असते पाल!

आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये चिपळूणला घर घेतलं. जुनं, जांभ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं, मागे परसात एक शेवग्याचं झाड. किंमत ऐकून माझ्या मित्रांनी विचारलं, "एवढं स्वस्त कसं?" उत्तर माजघराच्या भिंतीवर होतं. जमिनीपासून साडेचार फुटांवर एक तपकिरी रेघ. कुणी पट्टी धरून आखावी इतकी सरळ. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी तिथवर चढलं होतं.

चिपळूणचा नकाशा शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात काढून पाहा. वाशिष्ठी नदी सह्याद्रीवरून उतरते, गावाजवळून वळसे घेत दाभोळला समुद्राला मिळते. शिवनदी तर गावातूनच वाहते. घाटावर मुसळधार पाऊस कोसळतो तेव्हा वरून लोंढा येतो, आणि नेमकी त्याच वेळी खाडीला भरती असली तर खालून पाण्याला वाटच मिळत नाही. मग ते बिचारं जाणार कुठे? गावात शिरतं. २६ जुलै २००५ ला शिरलं, २०२१ ला पुन्हा शिरलं. १८६४ साली स्थापन झालेल्या इथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकंसुद्धा या दोन्ही पुरांत भिजली. आमच्या घराचे आधीचे मालक सत्तरीचे आजोबा. ते मुलाकडे उंचावरच्या वस्तीत राहायला गेले. किल्ली देताना मला म्हणाले, "घर चांगलं आहे हो, फक्त पाणी पिऊन बसलंय."

आता आमच्या घरात कोण कोण, ते सांगतो. मी, माझी बायको, तेव्हा अकरा वर्षांची असलेली आमची लेक आणि माझी आई. आईचं वय तेव्हा शहात्तर. तिची पन्नास वर्षं मुंबईत, गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत गेली. माझी बदली झाली म्हणून ती आमच्याबरोबर आली खरी, पण आपली लोखंडी ट्रंक काही तिने उघडली नाही. दोन लुगडी आणि औषधांचा डबा वर काढून ठेवला, बाकी सगळं कुलपात. शिवाय तिच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा. "तुमच्या घरात उजेड बरा आहे." "तुमच्या न्हाणीघराची कडी लागत नाही." तुमच्या! लेकीच्याही ते लक्षात आलं. ती मला हळूच म्हणाली, "बाबा, आजी आपल्याकडे पाहुणी आहे का?"

काय उत्तर देणार? मी म्हटलं, "आधी भिंती वाळवू या."

पाणी पिऊन बसलेल्या भिंती दिसायला कोरड्या असतात, पण आतून ओल्या. जांभा दगड मुळातच सच्छिद्र. त्याची गंमत अशी, की खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की त्याचे चौकोनी चिरे कापता येतात, आणि उघड्यावर हवा लागली की हळूहळू टणक होतो. फ्रान्सिस ब्युकानन नावाच्या माणसाने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात या दगडाला 'लॅटराइट' म्हटलं, कारण लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. पण या विटेच्या भोकाभोकांतून पाणी मुरतं, ते निघायला महिनेच्या महिने लागतात.

आमच्या गवंडीकाकांनी ओल ओळखायची एक युक्ती दाखवली. तुम्हीही करून पाहा. प्लॅस्टिकच्या पिशवीचा वीतभर चौकोन कापायचा, भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावायचा आणि दोन दिवस विसरून जायचं. मग पाहायचं. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीच्या आतली. बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली. आमच्याकडे थेंब आतून जमले होते. भरपूर!

पुरानंतर कुणीतरी घाईघाईने खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा थापला होता. तो काकांनी छिन्नीने सगळा काढून टाकला. "भिंतीला रेनकोट घातला तर घाम कुठून जाणार?" असं ते म्हणाले. मागून लोणा निघाला, पांढरी मिठासारखी पूड, हात लावला की भुरुभुरु गळणारी. मार्चअखेरपर्यंत सगळी दारंखिडक्या उघडी टाकून आम्ही धुळीत राहिलो. मग चुन्याचा गिलावा झाला आणि वर चुन्याची सफेदी.

कळीचा चुना विरघळवताना मात्र मुलांनी लांबच उभं राहायचं बरं का! पिंपातल्या पाण्यात चुन्याचे खडे सोडले की ते फसफसतात, चुलीशिवाय पाणी उकळायला लागतं. एक थेंब डोळ्यात उडाला तर डोळा जायचा. आमची लेक ओट्यावरून बघत होती. चुना थंड झाला, गाळला, त्यात थोडी नीळ पडली. पहिला हात मारला तेव्हा भिंत पांढरी दिसेचना! लेक हिरमुसली. पण चुन्याचं तसंच असतं. ओला असताना पारदर्शक, वाळेल तसा पांढरा होत जातो, आणि पुढे कित्येक दिवस हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून पुन्हा दगड होत राहतो. म्हणजे ज्या चुनखडीपासून तो भट्टीत बनला, तीच पुन्हा भिंतीवर!

विजेचं काम निघालं तेव्हा प्रश्न आला, की बोर्ड किती उंचीवर बसवायचे? सरळ आहे, पुराच्या रेघेच्या वर. पण रेघ फक्त माजघरात दिसत होती, बाकी खोल्यांत पुसलेली. मग काकांनी लेव्हलची नळी काढली. पारदर्शक लांबलचक नळी, आत पाणी. नळीचं एक टोक माजघरातल्या रेघेशी काकांनी धरलं, दुसरं लेकीच्या हातात दिलं आणि तिला स्वयंपाकघरात पाठवलं. दोन्ही टोकांचं पाणी नेहमी एकाच पातळीत राहतं, मधे भिंत असो की दार. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. असं करत तिने घरभर पेन्सिलीने खुणा केल्या. पडवीत गुडघ्याच्या जरा वर, कारण पडवीची जमीन उंच. स्वयंपाकघरात मात्र खूण तिच्या डोक्याच्याही वर गेली. ती खुणेला पाठ लावून उभी राहिली, हाताने माप घेतलं आणि म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी इथे असते तर बुडले असते?"

घरात एकदम शांत झालं. काकांनी नळी गुंडाळायला घेतली.

आता अशा वेळी मोठी माणसं "छे गं, काहीतरीच!" म्हणून मोकळी होतात. मला ते आवडत नाही. तिचा हिशेब बरोबर होता. मी म्हटलं, "बुडायला नको म्हणून काय करायचं, ते ठरवू या." त्या रात्री आम्ही तिघं कागद घेऊन बसलो. आई पलंगावर पडून ऐकत होती.

घराला माळा होता. भक्कम, फणसाच्या लाकडाचा, रेघेच्या कितीतरी वर. पण चढायला एक सुटी शिडी, तीही डगडगणारी. दुसऱ्या दिवशी सुतारमामांना बोलावलं. त्यांनी मापं घेतली, माळ्याची उंची आठ फूट आठ इंच. म्हणजे १०४ इंच. म्हणाले, "बारा पायऱ्यांत बसवतो. उभा होईल, पण जागा वाचेल."

आणि पलंगावरून आवाज आला, "बारा पायऱ्या कोण चढणार? तुम्ही?"

आई उठून आली. "अहो, चाळीत पन्नास वर्षं तिसऱ्या मजल्यावर पाणी वाहून नेलंय मी. जिना कसा असावा हे मला विचारा. पूर आला तर ही पोरगी माकडासारखी वर जाईल. माझं काय करणार? दोरीने ओढणार?"

सुतारमामा हसले नाहीत, हे मला फार आवडलं. त्यांनी फळ्यांचे तुकडे आणून एकावर एक रचले आणि म्हणाले, "आजी, चढून दाखवा." साडेआठ इंचांवर आईने नुसती मान हलवली. साडेसात इंचांवर चढली, पण भिंतीला धरून. मग एकेक पातळ फळी काढत काढत साडेसहा इंचांवर आले. तिथे आई चढली, उतरली, पुन्हा चढली. "ही माझी पायरी," ती म्हणाली.

आता करा गणित. १०४ भागिले साडेसहा. बरोबर सोळा! मामांचा एक जुना आडाखाही सांगतो. पायरीची उंची दोनदा आणि रुंदी एकदा मिळवली की बेरीज चोवीस-पंचवीस इंच यावी, म्हणजे माणूस न अडखळता चालतो. साडेसहा दुणे तेरा, अधिक अकरा, चोवीस. तुमच्या घराचा किंवा शाळेचा जिना मोजून पाहा. काही जिन्यांवर दम का लागतो ते कळेल.

असा ऐसपैस जिना माजघरात सरळ मावेना. मधे एक चौथरा घेऊन तो वळवावा लागला, आणि बायकोने जिथे सोफा ठेवायचं ठरवलं होतं ती जागा गेली. ती दोन दिवस जरा घुश्शात होती. मग तिनेच जिन्याखालच्या जागेला फळ्या मारून डबे ठेवायची सोय केली, वरचे कप्पे डाळ-तांदळाला, खालचे फक्त स्टीलच्या भांड्यांना. भिजली तरी धुता येतात!

जिन्याचं काम दहा दिवस चाललं. आई रोज खुर्ची टाकून समोर. कठडा कुठे गोल हवा, पायरीच्या कडेला पाय घसरू नये म्हणून खाच कशी हवी, मामांना चहा किती वाजता. ताजं फणसाचं लाकूड पिवळंधमक असतं, हळूहळू तपकिरी होतं, हे तिने लेकीला सांगितलं आणि रंग बदलतोय का म्हणून दोघी रोज बघायच्या. एकदा शेजारच्या वहिनी डोकावल्या, तर आई त्यांना म्हणाली, "या ना, आमचा जिना बघायला!" मी स्वयंपाकघरात होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. कुणीच काही बोललो नाही. अशा वेळी बोलायचं नसतं.

वायरमनदादांनी बोर्ड रेघेच्या दीड फूट वर बसवले, वायरी छताकडून खाली आणल्या. परसात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून नवं अर्थिंग केलं. मीठ-कोळसा कशाला, असं लेकीने विचारल्यावर ते म्हणाले, "जमीन ओलसर राहते, वीज चटकन जमिनीत उतरते." मीटरजवळ एक छोटी पेटीही लावली. विजेची गळती तीस मिलिअँपिअरपर्यंत गेली की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते.

राहिली माजघरातली रेघ. सफेदीच्या वेळी काकांनी विचारलं, पुसू का? बायको म्हणाली पुसा, रोज कोण बघणार ते. लेक म्हणाली ठेवा. शेवटी दारामागे हातभर लांबीची रेघ तेवढी ठेवली, खाली तारीख लिहिली. दार उघडं असलं की ती झाकली जाते. मला विचाराल तर बायकोचंही बरोबर होतं आणि लेकीचंही.

जुलै २०२३ मध्ये एका रात्री पाऊस थांबेचना. गल्लीतले लोक छत्र्या घेऊन नदीकडे बघून येत होते, भरती किती वाजता आहे ते एकमेकांना विचारत होते. आम्ही वीज बंद केली आणि ठरल्याप्रमाणे सामान वर न्यायला लागलो. शाळेची पुस्तकं, कागदपत्रं, पिण्याचं पाणी, चुरमुऱ्यांचा डबा, औषधं. आई सगळ्यांत आधी चढली, कठड्याला एक हात, दुसऱ्या हातात कंदील. वरून ओरडली, "माझी ट्रंक आणा!" मी आणि बायकोने ती वर नेली. वर गेल्यावर आईने कुलूप काढलं. आत गोधड्या होत्या, बाबांचा एक फोटो होता आणि पितळेचा अडकित्ता. गोधड्या अंथरून आम्ही चौघं झोपलो. कौलांवर पाऊस असा वाजत होता की लेकीची गोष्ट कुणालाच ऐकू आली नाही.

पाणी आलं नाही. सकाळी सामान खाली आणलं, गोधड्या मात्र वरच राहिल्या, आणि बाबांचा फोटो माजघरात लागला, बोर्डाच्याही वर.

मागचं दार तेवढं अजून श्रावणात अडकतं. पावसाळी हवेत लाकूड फुगतं ना! मी रंधा मारा म्हटलं, तर सुतारमामा नाही म्हणतात. आत्ता तासलं तर उन्हाळ्यात एवढी फट पडेल की मांजर आत येईल. दिवाळीनंतर बघू म्हणतात, आणि दिवाळीनंतर दार आपोआप नीट लागतं, म्हणून आम्हीही विसरतो. तेव्हा श्रावणात कधी आमच्याकडे आलात, तर मागच्या दाराला जरा खांदा लावून ढकला. आणि हो, आधी आईला हाक मारा, नाहीतर ती दारामागेच तांदूळ निवडत बसलेली असते.