सूर्य बुडायच्या आधी

गोरेगावला समुद्र नाही, असं आम्ही गोरेगावकर सहज म्हणून टाकतो. जुहू अंधेरीकरांचं, आक्सा मालाडकरांचं, गोराई बोरिवलीकरांची. आमच्या वाट्याला पश्चिमेला मालाडची खाडी, तिच्या काठची खारफुटी आणि पलीकडचा मढ-मार्व्याचा पट्टा. बांगूरनगरच्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळी उभं राहिलं की त्या पट्ट्यामागे सूर्य उतरताना दिसतो. पाणी मात्र दिसत नाही. खाडी शहराचं सांडपाणी वाहून नेते आणि तिच्याकडे पाहण्याची सवय आम्हाला कुणी लावलेली नाही. समुद्राच्या इतक्या जवळ राहून इतक्या कोरडेपणाने जगणारी माणसं दुसरीकडे क्वचितच असतील.

सूर्यास्ताची बोटसफर आणि बोटीवर जेवण, हा बेत मुंबईत करायचा तर गेटवेला जायचं. तिथे एक गंमत आहे आणि ती बोटीत बसल्यावरच कळते. मुंबईचं बंदर पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य समुद्रात बुडत नाही, शहराच्या पाठीमागे बुडतो. ताजचा घुमट आणि कुलाब्याच्या इमारती काळ्या होत जातात, कडांना तांबूस रेघ उमटते आणि पाणी आधीच सावलीत गेलेलं असतं. हे दृश्य मला आवडतं. पण त्यात पाहायचं असतं ते शहरच. समुद्र फक्त बसायला जागा देतो.

म्हणून गेल्या हिवाळ्यात बहीण, भाची आणि मी कोकणात, देवबागला गेलो. पश्चिम उपनगरातल्या चाकरमान्यांना कोकणची गाडी पकडायला वर्षानुवर्षं दादर नाहीतर ठाणं गाठावं लागलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वांद्रे-मडगाव गाडी बोरिवलीमार्गे सुरू झाली, तेव्हा आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. त्या गाडीने कणकवली आणि तिथून मालवणच्या वाटेने देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी, एवढंच ते गाव. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. संगमाजवळ वाळूचा उंचवटा आहे, त्याला लोक त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या लाटेनंतर तो वर आला, असं गावात सांगतात.

बोटीचा तांडेल गाबीत. बापजाद्यांचा धंदा मासेमारीचा, त्याचा स्वतःचा आता निम्मा मासेमारीचा आणि निम्मा पर्यटनाचा. निघायची वेळ आमच्या सोयीची नव्हती, भरतीच्या सोयीची होती. नदीच्या मुखाशी वाळूचे बांध सरकत असतात आणि पाणी पुरेसं नसेल तर बोट आपटते. दुपारी भरती चढल्यावर आम्ही मुखातून बाहेर पडलो आणि किनारा उजवीकडे ठेवून सिंधुदुर्गाच्या दिशेने निघालो.

समुद्रातून सिंधुदुर्ग पाहणं वेगळंच आहे. मालवणच्या धक्क्यावरून तो जवळचा, ओळखीचा वाटतो. खुल्या पाण्यातून पाहताना कळतं की तटाची नागमोडी भिंत खडकाच्या कडेकडेने कशी वळत गेली आहे आणि दरवाजा कुठे आहे ते शेवटपर्यंत का उमगत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला मोरयाचा धोंडा पुजून शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. जवळपास ४८ एकरांचं बेट, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हाही आहे. पण त्या दुपारी माझ्या मनात वेगळाच विचार आला. ज्या खडकांच्या भरवशावर हा किल्ला उभारला, ज्यांच्यामुळे परक्यांच्या जहाजांना इथे शिरायची धास्ती वाटायची, तेच खडक पाण्याखाली आणखी कुणाचा तरी किल्ला आहेत.

तिथे उतरायचं होतं. मला पोहता येतं, तेही पन्नाशी उलटल्यावर शिकलेलं, गोरेगावच्या सिद्धार्थनगरात प्रबोधन संस्थेच्या तलावावर. तलावाला तळ दिसतो, कठडा हाताशी असतो, शिक्षक शिट्टी वाजवतात. इथे डोळ्यांवर आणि नाकावर बसणारा मुखवटा, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट आणि खाली हिरवं, हलणारं पाणी. "तोंडान श्वास घे, नाकान नको. भियां नको," तांडेलाचा धाकटा भाऊ पाण्यातून सांगत होता. आणि लगेच दुसरी सूचना, जरा कडक आवाजात : "खडपार पाय ठेवू नको गो."

चेहरा पाण्यात घालून श्वास घ्यायला शरीर तयार होत नाही. जन्मापासून त्याला एकच शिकवलेलं असतं, पाण्यात श्वास रोखायचा. पहिला श्वास घेतला तेव्हा छाती धडधडत होती आणि नळीतून स्वतःचाच आवाज घुमत होता. तीन-चार श्वासांनंतर तो आवाज शांत झाला आणि दुसरा एक ऐकू यायला लागला. बारीक, अखंड तडतड. कढईत मोहरी तडतडावी तशी. ती खडकांच्या भेगांत राहणाऱ्या चिमुकल्या कोळंबीची असते. आपली नांगी ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. आपण ज्याला समुद्राची शांतता म्हणतो, ती वरच्या वर असते. खाली भर बाजार असतो.

मग डोळे सरावले. अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या पिवळसर माशांचा थवा समोरून आला आणि मला वळसा घालून गेला. पोपटमासा खडक खरवडत होता. त्याची चोच दगडावर घासल्याचा आवाज खरोखर येतो. खडकांच्या मध्ये काळे काटेरी गोळे, सागरफुलांचे हलणारे झुबके आणि मग प्रवाळ. माझ्या डोक्यात प्रवाळ म्हणजे चित्रपटातलं गुलाबी-जांभळं जंगल होतं. इथले प्रवाळ तपकिरी, करडे, हिरवट. कुठे गोल गोटे, कुठे थाळीसारख्या पसरट चकत्या. गढूळपणा, पावसाळ्यातला नद्यांचा गाळ, सगळं सोसून उभे राहिलेले. अशा गोट्यासारख्या प्रवाळांची वाढ वर्षाला काही मिलिमीटर होते. माझ्या गुडघ्याएवढा एखादा गोटा असेल, तर तो माझ्या आजीच्या जन्माआधीपासून तिथे असू शकतो. तांडेलाचा भाऊ पायाबद्दल एवढा कडक का बोलला, ते मला पाण्यात लोंबकळत असतानाच समजलं.

या पाण्याला कायद्याचं संरक्षण आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगड भोवतीचा गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. मच्छीमारांनी तेव्हा विरोध केला आणि त्यांची भीती खोटी नव्हती. ज्या पाण्यावर घर चालतं, तिथे उद्या वनखातं जाळं टाकू देणार नाही, ही भीती कुणालाही वाटेल. पुढे २०११ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा एक प्रकल्प सिंधुदुर्गात चालला, त्यात गावातल्या तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचं प्रशिक्षण मिळालं. तारकर्लीला एमटीडीसीने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था काढली. माझ्या मते यातली मोलाची गोष्ट पर्यटन वाढलं ही नव्हे. ज्यांना या पाण्याची वळणं आजोबांपासून ठाऊक होती, त्यांनाच ते दाखवण्याची मजुरी मिळू लागली, ही आहे. अभयारण्याची पाटी किनाऱ्यावर असते, पाण्यात कुणी वाचत नाही. पाण्यात राखण करतो तो "खडपार पाय ठेवू नको" म्हणणारा मुलगा.

सगळीकडे असं नसतं, हेही त्याच दुपारी दिसलं. शेजारच्या बोटीवरून पावाचे तुकडे फेकले जात होते, मासे गोळा व्हावेत आणि छायाचित्रात यावेत म्हणून. मासे आले, अर्थातच. पण खडकावरचं शेवाळ खरवडणं हे माशाचं तिथलं काम आहे. तो पावाच्या मागे लागला की शेवाळ वाढतं आणि प्रवाळाला गुदमरवतं. दुसरी एक बोट थेट खडपावर नांगर टाकून उभी होती. लाटेबरोबर बोट हलते, बोटीबरोबर नांगराची साखळी फिरते आणि साखळीखाली काय येतं ते वरून कुणालाच दिसत नाही. आमच्या तांडेलाने बोट तरंगत्या बोयाला बांधली होती. तो जास्त पैसे घेत नव्हता, त्याला फक्त पाच मिनिटं अधिक लागली. त्या प्रवाळांवर समुद्र तापल्याचं संकट आहेच. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. जगभरात हे चौथ्यांदा मोठ्या प्रमाणावर घडत असल्याचं शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं. तापमान मी गोरेगावात बसून कमी करू शकत नाही. साखळी मात्र थांबवता येते.

परतताना सूर्य उजव्या अंगाला होता. संगमाच्या वाळूवर पोहायला उतरलो, तेही तांडेलाने बोटाने दाखवला तेवढ्याच भागात. नदी आणि समुद्र भेटतात तिथली ओढ वरून दिसत नाही. भाची पट्टीची पोहणारी, तिलाही त्याने एकदा हाक मारून मागे बोलावलं आणि ती गुपचूप आली. मग पाण्यात मानेपर्यंत उभं राहून आम्ही सूर्य पाहिला. क्षितिजाला टेकलेला सूर्य चपटा होतो, कारण हवेत वाकून येणारा उजेड त्याला उचलून धरतो. आपल्याला तो टेकलेला दिसतो, तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. शाळेत शिकलेलं हे मला त्या पाण्यात पहिल्यांदा खरं वाटलं.

जेवण नदीत होतं, काठाला बांधलेल्या बोटीवर. अंधारात समुद्रावर जेवण्याचा आग्रह आम्ही धरला नाही आणि तांडेलाने धरू दिलाही नसता. गावातल्या बायकांनी डबे भरून दिले होते. बांगड्याचं तिकलं, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. गाणी नकोत, असं आधीच सांगितलं होतं. बहीण सोलकढीचा पेला हातात धरून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आईला हे सांगितलं असतं तर तिने आपल्याला घरात घेतलं नसतं."

आई मालवणजवळची. समुद्राच्या काठी वाढली आणि आयुष्यात कधी घोट्याच्या वर पाण्यात गेली नाही. तिच्या पिढीच्या बायकांना समुद्र म्हणजे गेलेल्या माणसांची वाट पाहायची जागा. आजोबा गिरणीत नोकरीला, बोटीने ये-जा करायचे. आगबोट खोल पाण्यात नांगरायची, किनाऱ्यावरून पडावाने तिच्यापर्यंत जायचं आणि हेलकावणाऱ्या पडावातून शिडी पकडायची. पडावातून वर ओढून घेतलेल्या लेकराची गोष्ट आईने आम्हाला अनेकदा सांगितली आहे. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आई तेव्हा लहान होती, पण ते नाव घरात दबक्या आवाजातच घेतलं जायचं. रस्ते झाले, आगबोटी बंद पडल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि समुद्र आमच्या घराच्या वाटेतून निघून गेला. राहिली ती भीती. ती मला चुकीची वाटत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून १५ जणांचा. सहलीचा समुद्र आणि आगबोटीचा समुद्र वेगळे नसतात. आईची भीती मी लाइफ जॅकेटच्या बकलात घट्ट बसवली आणि तिने जे कधी पाहिलं नाही ते पाहून आले, एवढाच आमच्या दोघींतला फरक.

गोरेगावला परतल्यावर मी मुंबईच्या पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरून प्रवाळांच्या १८ वसाहती हलवून दुसरीकडे लावल्या गेल्या. म्हणजे ज्या पाण्यात हात घालायला आपण कचरतो, तिथेही प्रवाळ आहेत, वन्यजीव कायद्याने वाघाइतकंच संरक्षण असलेले. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातली मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना जुहू, हाजीअलीच्या खडकांवर घेऊन जातात आणि डबक्यांतले जीव दाखवतात. त्याला ना बोट लागते, ना पोहणं.

तेव्हा मालवणला जाल, गोव्याच्या ग्रांदे बेटाला जाल, कुठेही सूर्यास्ताची बोट धराल, तर आधी पोहायला शिका. मुलींना तर शाळेतच शिकवा. जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघा. पाव घरी ठेवा. आणि बोटीत पाय ठेवण्याआधी, दर ठरवताना, तांडेलाला एक प्रश्न जरूर विचारा : नांगर कुठे टाकणार? दहा गिऱ्हाइकांनी हे विचारलं, तर अकराव्याच्या वेळी बोट बोयालाच बांधलेली असेल.