आगरांतून गेलेली तार

पुण्याहून ताम्हिणीच्या घाटानें खालीं उतरून माणगांव व मंडणगड मागें टाकलें, कीं दापोली तालुक्याचा उत्तर किनारा जवळ येतो. मंडणगडच्या बाजारापर्यंत हातांतील मोबाईल बोलका असतो. पुढें प्रत्येक वळणागणिक त्याच्या रेघा कमी होत जातात, आणि शेवटची उतरण संपून पोफळींची गर्द सांवली लागली म्हणजे तो अगदींच मुका होतो. पूर्वीं या जागीं मंडळी समुद्र दिसल्याचा आनंद व्यक्त करीत. अलीकडे प्रथम ‘रेंज गेली’ असें म्हणतात आणि मग समुद्राकडे पाहतात.

आमच्या गांवाचें नांव मी येथें सांगत नाहीं. पुढें भाऊबंदकीची हकीकत यावयाची आहे, आणि त्या हकीकतींतील निम्मी मंडळी हें मासिक वाचतात. आंजर्लें आणि केळशी यांच्या दरम्यान कोठेंतरी तें आहे, एवढें पुरे. समुद्र, पुळण, पुळणीला लागून नारळी-पोफळींचीं आगरें, त्यांतून गेलेला एकेरी रस्ता, आणि मागें जांभ्या दगडाचा डोंगर, अशी त्याची मांडणी. आमची वाडी डोंगराच्या कुशींत आहे. ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून पाखाडीनें चढत गेलें तर दीड किलोमीटर भरते. मोबाईलचा टॉवर डोंगराच्या पलीकडच्या अंगास. रेडिओच्या या लहरी बहुतेक सरळच जाऊं पाहतात. मध्यें डोंगर आला कीं त्याची छाया पडते, आणि उरलेसुरलें पावसांत भिजलेल्या दाट पानांचें छप्पर शोषून घेतें. म्हणून २०२० सालीं शाळा मोबाईलवर भरूं लागली, तेव्हां वाडींतील मुलें छत्र्या घेऊन वरच्या सड्यावर जाऊन बसत. याच किनाऱ्यावरील मुरूडहून धोंडो केशव कर्वे तरुणपणीं परीक्षेसाठीं पायीं घाट चढून साताऱ्यास गेले होते. त्या मानानें सडा जवळ, असें आमचे दादा त्या मुलांना सांगत. मुलांचें त्यानें कितपत समाधान होई, तें मुलेंच जाणोत.

दादा म्हणजे माझे चुलत बंधु. सत्तरी उलटलेले, आणि वहिनींचे गुडघे धरलेले. टाळेबंदी पुकारली जाण्याच्या आदल्या आठवड्यांत त्यांचा मुलगा, जो पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहे, चार कपडे व एक लॅपटॉप घेऊन घरीं आला. आठ दिवसांसाठीं आलेला मुलगा जूनपर्यंत राहिला, आणि ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. दापोली आणि मंडणगड या तालुक्यांसहि त्याचा तडाखा बसला. तीन पिढ्यांनीं लावलेलें आमचें आगर सकाळीं उभें होतें, तें दुपारीं निम्में आडवें झालें. विजेचे खांब पडले ते कित्येक आठवडे उठले नाहींत.

ज्यांनीं आगर पाहिलेलें नाहीं त्यांस या हानीची कल्पना येणें कठीण. भातशेती बुडाली तर एक वर्ष बुडतें. पोफळ लावल्यापासून सुपारी हातीं येण्यास पांच ते सात वर्षें लागतात, माडास त्याहूनहि अधिक. तोंपर्यंत घर चालावें कशावर? दादांनीं आगर विकण्याचें मनांत आणलें होतें. मुंबईचें एक गिऱ्हाईक येऊन जमीन पाहूनहि गेलें. त्याला तेथें पाहुण्यांसाठीं खोल्या बांधावयाच्या होत्या. त्या रात्रीं पडवींत पुतण्या म्हणाला, “बाबा, माझा पगार येथें बसून मिळत असेल, तर रोपें आणूं, माणसें लावूं, आगर पुन्हां उभें करूं. मला फक्त घरांत इंटरनेट पाहिजे.” असा आगराचा प्रश्न तारेचा प्रश्न होऊन बसला.

ही तार म्हणजे तांब्याची नव्हे, कांचेची. आंतला धागा एक अष्टमांश मिलिमीटर जाडीचा, म्हणजे जाडसर केंसाएवढा. त्याच्या एका टोकास प्रकाश सोडला कीं तो आंतल्या आंत परावर्तन पावत दुसऱ्या टोकास निघतो, आणि त्या प्रकाशाच्या उघडझांपींत सारा मजकूर वाहून नेला जातो. असल्या कांचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र पाठविण्याचा प्रयोग आपले नरिंदर सिंग कपानी यांनीं लंडनमध्यें हॉपकिन्स यांजबरोबर केला व तो १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. कांच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश मैलोगणती जाईल, हें चार्ल्स काओ यांनीं १९६६ सालीं दाखविलें. त्याबद्दल त्यांस २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. केंद्र सरकारनें २०११ सालीं सुमारें अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत असा धागा नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढें भारतनेट हें नांव पडलें. परंतु तिचें पहिलें उद्दिष्ट ग्रामपंचायत हें होतें. कचेरीपासून माजघरापर्यंतचा मार्ग ज्याचा त्यानें शोधावयाचा होता.

तालुक्याच्या एका केबलवाल्यानें वाडीपर्यंत तार आणण्याचें कबूल केलें. एका धाग्याचे फांटे पाडून बत्तीस घरांस पुरवितां येतो, तेव्हां त्यास निदान दहा घरें हवीं होतीं, तीं मिळालीं. अडचण आली ती पुढेंच. जवळचा मार्ग सात गडगे ओलांडून जात होता, आणि त्यांपैकीं चार गडग्यांच्या मालकांचें एकमेकांशीं बोलणें नव्हतें. थोरलें घर, मधलें घर आणि धाकटें घर हीं तिन्हीं एकाच पणजोबांचीं. वाटणीच्या वेळीं एका विहिरीवरून जो दावा लागला, तो वादी-प्रतिवादी दोघेहि वारले तरी चालूच आहे. धाकट्या घरच्या तात्यांनीं पुतण्याला ओटीवर बसविलें, सरबत दिलें, आणि साफ नकार दिला.

“तार कसली रे, चोरवाट आहे ती! आज तार, उद्यां तार दुरुस्त करायला माणूस, परवां त्याची पायवाट. आणि वीस वर्षांनीं तुझीं पोरें कोर्टांत उभीं राहून म्हणतील, वहिवाट आमची.”

शहरांतील वाचकांस हें हास्यास्पद वाटेल. मला तसें वाटलें नाहीं. १८८२ च्या कायद्याप्रमाणें वीस वर्षें बिनतक्रार, हक्क म्हणून चाललेली वहिवाट खरोखरच हक्क होऊन बसते, आणि कोंकणांत हें कलम पोरासोरांस पाठ असतें. तात्यांची भीति कायद्याला धरून होती, म्हणूनच तिचें उत्तरहि कायद्यांतच सांपडलें. परवानगीनें केलेल्या वापरास हक्काचें रूप येत नाहीं. पुतण्यानें मुद्रांकावर लिहून दिलें कीं, सदर तार केवळ तात्यांच्या परवानगीनें नेली असून तिजमुळें कोणासहि कसलाहि वहिवाटीचा हक्क उत्पन्न होत नाहीं. तरीहि तो कागद तात्यांच्या फडताळांत महिनाभर सहीवांचून पडून होता.

सही झाली ती काकूंमुळें. पुरुषांचे दावे चालले असतां बायकांचें विरजण, कढीलिंब आणि हळदीकुंकू गडग्यावरून अखंड चालू होतें, ही गोष्ट कोणत्याहि कोर्टाच्या दप्तरांत नाहीं. “खटला तुमचा आहे,” काकू तात्यांना म्हणाल्या, “आमचा नाहीं. वादळांत आपलीं झाडें पडलीं तेव्हां तीं हटवायला कोण आलें होतें, तें आठवा, आणि करा सही.” तात्यांनीं सही केली, मात्र फांटे पाडण्याचा डबा आपल्याच भिंतीवर बसवावा, अशी अट घातली. त्यांना इंटरनेट नको होतें, पण किल्ली आपल्याकडे असावी एवढेंच.

इंग्लंडांत लँकेशायर परगण्यांतील ल्यून नदीच्या खोऱ्यांत याच कामासाठीं गांवकऱ्यांनीं २०११ सालीं ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ ही संस्था काढली. शेतकऱ्यांनीं मोबदला न घेतां आपल्या कुरणांतून नळी नेऊं दिली, लोकांनीं स्वतः चर खणले, श्रमाच्या बदल्यांत संस्थेचे भाग घेतले, आणि घरोघर सेकंदास एक हजार मेगाबिटांचा वेग मिळविला. त्यांची माती मऊ आहे, हेंहि लक्षांत ठेवलें पाहिजे. आमच्याकडे हातभर खोल गेलें कीं कातळ लागतो आणि पहार झणाणते. म्हणून आमची तार खांबांवरून आणि माडांवरून लोंबत आली.

लोंबत्या तारेचीं दुखणीं निराळीं. झावळी पडते, वानरें झोके घेतात, कधीं तारेचें वेष्टण कुरतडून पाहतात. धागा तुटला तर तो पिळून जोडतां येत नाहीं. दोन्ही टोकें एका लहानशा यंत्रांत समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीनें वितळवून सांधावीं लागतात, आणि तें यंत्र तालुक्याहून यावें लागतें. कांचेस वीज लागत नाहीं, पण घरांतील डब्यास लागते. पावसाळ्यांत ती वरचेवर जाते, म्हणून इन्व्हर्टरचा खर्च निराळा. तरी एकंदरींत सेकंदास शंभर मेगाबिट बहुतेक दिवस मिळतात.

गेल्या खेपेस मी गेलों, तेव्हां नव्या पोफळी गडग्याच्या वर आल्या होत्या. मुंबईचें गिऱ्हाईक परत आलें नाहीं. पुतण्या माजघराशेजारच्या कोठीच्या खोलींत काम करतो; दुपारीं दोन तास शिंपणें पाहतो, संध्याकाळीं पुन्हां कामास बसतो. तात्या त्याच्या खिडकीबाहेरून जातांना “चालू आहे ना?” असें विचारतात, त्या दोन घरांतील गेल्या तीस वर्षांतलें हेंच काय तें बोलणें.

मी होतों त्याच आठवड्यांत चिपळूणचीं मंडळी मुलगी घेऊन आलीं होतीं. मुलीच्या वडिलांनीं आगर किती, पाणी किती, विहिरीचा दावा कोठवर आला, हें सारें विचारून घेतलें. मुलीनें एकच विचारलें. तिचेंहि काम घरूनच चालतें. दोघे एकाच वेळीं बसले तर तार पुरेल काय? पुतण्यानें तिला कोठीच्या खोलींत नेऊन वेग मोजून दाखविला.