फाईल जाते, परवानगी मागे राहते

आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, अॅट्रॉसिटीच्या केसचे कागद गूगल ड्राइव्हवर ठेवत होतो. मोफतची १५ जीबी भरली, तेव्हा वर्गणी काढून वनड्राइव्हवर जागा घेतली. गूगल टेकआउटने फाईली उतरल्या. पण कोणी वाचायचे, कोणी बदलायचे, ही परवानगी सोबत आली नाही. ती नव्याने द्यावी लागली.

आमच्या मते हे बरेच झाले. ‘लिंक असलेला कोणीही’ ही सोय जयंतीच्या पत्रकाला चालेल, पीडितेच्या जबाबाला नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे आम्ही विचारले: याला हा कागद कशासाठी हवा?

मित्रांनो, फाईली हलवल्या तरी जुन्या प्रती आणि लिंका चालूच राहतात. नवी प्रत उघडून तपासा, मगच जुनी पुसा. आणि जिची फिर्याद, तिची संमती आधी घ्या.