मतलई वाऱ्याची वेळ

काळपट लाल गुलाबाचा वास घ्यायचा असेल तर ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली उतरायच्या आत घ्यावा. आमच्या वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर थंडीत रात्रभर वारा जमिनीकडून दर्याकडे वाहतो. तो मतलई वारा. कोरडा, हलका, ओल्या पाचोळ्याचा आणि कुणाच्या तरी चुलीच्या धुराचा वास घेऊन पहाटे तो परसातून जातो आणि फुलाला धक्कासुद्धा लावत नाही. अर्धवट उमललेल्या गुलाबापाशी वाकले की आधी लिंबाच्या सालीचा किंचित तिखटपणा जाणवतो, मागून गुलकंदी गोडवा येतो, आणि तो गोडवा घशापर्यंत उतरतो. अकराच्या सुमारास वारा फिरतो. खारा वारा सुटला की पाकळ्यांतला वास उन्हाने उडतो, वाऱ्याने पांगतो. दुपारी तेच फूल नाकाशी धरले तर नुसता लाल रंग हाती लागतो.

परसू म्हणायचे इतकीच जागा आहे. तीन बाजूंना चिऱ्यांचा गडगा, चौथ्या बाजूला विहीर, आणि गडग्यापलीकडे पुळण सुरू होते. पुळणीत पाणी ठरत नाही, खत ठरत नाही. शिवाय तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. चुरा म्हणजे चुना, आणि चुना वाढला की गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. म्हणून गुलाबापुरती जमीन मला वेगळी करावी लागली. वाळू उपसून खड्ड्यात डोंगराकडची तांबडी माती, जुने शेणखत, निंबोळी पेंड आणि आंब्या-फणसाचा कुजलेला पाला भरला. आळ्याच्या पश्चिमेला झावळ्यांचा कूड उभा केला. भिंत नको, कूडच हवा. भिंतीवर आपटलेला वारा पलीकडे भोवरा होऊन झाडावरच पडतो. कुडाच्या फटींतून तो गाळून येतो.

झाड ‘पापा मेयाँ’ जातीचे आहे. फ्रान्सच्या मेयाँ घराण्याने 1963 मध्ये हा गुलाब बाजारात आणला आणि घरातल्या आजोबांचे, आंत्वान मेयाँ यांचे नाव त्याला दिले. ‘क्रायस्लर इम्पीरियल’ आणि ‘शार्ल मालरँ’ हे त्याचे आईबाप. याच जोडीपासून अमेरिकेत ‘मिस्टर लिंकन’ आणि ‘ओक्लाहोमा’ निघाले. तिन्ही भावंडे गडद लाल, तिन्ही सुवासिक. दमट उन्हाळ्याच्या गावात लावायला कुणी मला विचारले तर मी ‘मिस्टर लिंकन’ सांगेन. तो उंच, काटक आणि समजूतदार आहे. ‘पापा मेयाँ’ रोगाला लवकर बळी पडतो, फुले मोजकी देतो, थोडे काही बिघडले की रुसतो. पण त्याच्या कळीत जो काळेपणा असतो, बाहेरच्या पाकळीच्या वळणावर शाई सांडल्यागत दिसणारा, तो मला इतर कुठल्या फुलात दिसलेला नाही. त्या काळेपणासाठी मी त्याचे सगळे सोसते.

हा लाल रंगही दर्यावरूनच जगात फिरला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातल्या लाल गुलाबांचा रंग बहुधा जांभळटाकडे झुकत असे. न विटणारा खरा किरमिजी रंग आणि पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण चीनच्या गुलाबांनी तिथे नेला. त्यांतली काही रोपे कलकत्त्याच्या बागेत थांबून पुढे गेली, म्हणून फ्रेंच लोक त्यांना बंगालचे गुलाब म्हणू लागले. महिनोन्‌महिने गलबतावर, खाऱ्या हवेत, मोजून मिळणाऱ्या गोड्या पाण्यावर ती जगली. माझ्या झाडाचे पान कडेने करपू लागले की मला त्या रोपांची आठवण होते आणि धीर येतो.

मखमल आणि वास एकाच ठिकाणी राहतात, हे मला उशिरा कळले आणि तेव्हापासून फूल बघण्याची माझी रीतच बदलली. पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशी बारीक शंकूंच्या आकाराच्या असतात. उजेड त्यांच्यामध्ये अडकतो, म्हणून लाल रंग खोल, मऊ दिसतो. सुगंधही पाकळीच्या याच बाहेरच्या थरांत तयार होतो. तो कसा तयार होतो, याचा एक मोठा उलगडा फ्रान्समधल्या संशोधकांनी 2015 मध्ये केला, आणि त्यासाठी त्यांनी घेतलेला सुवासिक गुलाब म्हणजे हाच ‘पापा मेयाँ’. त्याच्या जोडीला जवळपास वास नसलेला ‘रूज मेयाँ’ ठेवून त्यांनी दोघांची तुलना केली. सुवासिक फुलात एक जनुक जोरात काम करत होते, दुसऱ्यात ते जवळजवळ गप्प होते. बाजारात सेलोफेनमध्ये गुंडाळून येणारे लांब दांड्याचे डच गुलाब हातात घेतले की मला हे गप्प जनुक आठवते. मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये ती फुले निगुतीने वाढवतात, त्या शेतकऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण ज्या लाल गुलाबाला वास नाही तो मला अपुराच वाटतो.

सगळ्यांत कठीण गोष्ट पाण्याची. खारा वारा दुपारभर मिठाचे कण आणून पानांवर ठेवतो. ते धुतले नाहीत तर पानांच्या कडा तपकिरी होतात. आणि पाने ओली राहिली तर काळ्या ठिपक्यांचा रोग येतो, कारण त्या बुरशीला रुजायला सलग सातेक तास ओलावा लागतो. मीठ म्हणते धू, बुरशी म्हणते कोरडे ठेव. या दोघांमधली वाट सकाळची आहे. उजाडताच फुले बघून झाली की मी झारीने पाने वरून-खालून धुते. नऊपर्यंत ती सुकलेली असतात. संध्याकाळी पाण्याचा थेंबही पानांवर पडू देत नाही. फेब्रुवारीनंतर विहिरीचे पाणी मचूळ होत जाते. तेव्हा रोज थोडे थोडे शिंपण्यापेक्षा दोन दिवसांआड भरपूर पाणी सोडणे बरे, म्हणजे मीठ मुळांखाली निघून जाते.

पावसाळ्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. इथे सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि गणपतीपर्यंत झाड बहुतेक निष्पर्ण होते. गळलेले ठिपक्यांचे पान न् पान वेचून जाळायचे, आळ्यातले पाणी वाहून जाईल असा चर ठेवायचा आणि थांबायचे. नवरात्र सरले, आकाश निवळले की छाटणी. कात्री चालवताना आतला गाभा पांढरट दिसेपर्यंत मी खाली जाते. तपकिरी गाभ्याची फांदी ठेवली तर ती वाळत बुंध्यापर्यंत येते. छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांनी, डिसेंबरच्या सुमाराला पहिल्या कळ्या रंग दाखवतात. डिसेंबर आणि जानेवारीचा हा बहरच खरा. पुढे ऊन चढले की फुले लहान होतात, आणि काळ्या पाकळ्या ऊन जास्त शोषतात म्हणून त्यांच्या कडा भाजतात. मार्चमध्ये मी कळ्या खुडून टाकते, झाडाने जीव राखावा म्हणून.

वाडीतल्या एक काकी नेहमी म्हणतात, “हो सुरंगीचो गाव. हयसर गुलाब कित्याक गो?” त्यांचे बरोबर आहे. सुरंगीला कुणी काही करावे लागत नाही. झाड आपले उभे असते आणि शिमग्याच्या आसपास वळेसरांनी बाजार भरून जातो. मला तीही हवी असते. पण ज्याला रोज धुवावे, निवारा द्यावा, ज्याच्या पानांच्या पाठी बघाव्यात, अशा झाडाशी वेगळीच जवळीक होते. त्या काकींनाच मागच्या जानेवारीत मी एक फूल नेऊन दिले. त्यांनी ते वेणीत माळले नाही, देवापुढेही ठेवले नाही. बराच वेळ तळहातावर घेऊन त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “आमच्या लहानपणी असो वास येय.”

यंदा मी डोळे भरणार आहे. विहिरीपाशी सासूबाईंच्या वेळचा गावठी गुलाब आहे, फिकट गुलाबी, छोट्या फुलांचा. मीठ, मचूळ पाणी, पाऊस, सगळे सोसून तो इतकी वर्षे टिकला. त्याच्या फांद्यांची रोपे केली आहेत. थंडीत साल सुटू लागली की त्यांवर ‘पापा मेयाँ’चे डोळे बसवीन. खुंट इथला आणि फूल तिथले, असे झाड या वाऱ्यात अधिक तग धरेल असे मला वाटते. डोळा जगला की नाही ते दोन-तीन आठवड्यांत हिरवेपणावरून कळते. त्यातले एक रोप काकींनी आधीच मागून ठेवले आहे. त्यांचे घर किनाऱ्यापासून आत, भातशेतीच्या बाजूला आहे. तिथे ते माझ्याकडच्यापेक्षा बरे वाढेल.