सुई कधी काढायची?

सोमवार, ३ जून २०२४
नाईट ड्युटीची ओव्हर घेतानाच कळलं, सात नंबरच्या खाटेवरच्या आजींच्या सलाईनच्या सुईला ७२ तास होत आलेत. नियमच आहे, बदलायची. रात्री अकराला हात चोळून शीर शोधत बसले. तिसऱ्या टोचणीला लागली. जुनी काढलेली जागा स्वच्छ होती, ना लाली ना सूज. आजी म्हणाल्या, "बाई, चांगली चालू होती की ती!" मी काय बोलणार?

मंगळवार, ४ जून
झोप झाल्यावर शोधाशोध केली. २०१२च्या 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा अभ्यास सापडला : तीन रुग्णालयं, ३,२८३ रुग्ण. काहींची सुई दर तीन दिवसांनी बदलली, बाकीच्यांची गरज पडली तरच. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्केच. अभ्यास केला तोही एका नर्सने, क्लेअर रिकर्ड यांनी. वाचून मान ताठ झाली. आजींना तीन टोचे फुकटचे बसले, हेही कळलं.

गुरुवार, ६ जून
पहाटे दोनला आजी कण्हत होत्या. चिकटपट्टी सोडवली, तर मनगटापासून वर लाल, तापलेली रेघ. सोमवारची सुई. ७२ तासांना अजून २१ बाकी होते. चार्टवर सगळं ठीक होतं, कारण चार्टवर फक्त वेळ होती. लगेच काढली, डॉक्टरांना कळवलं.

शुक्रवार, ७ जून
इन्चार्ज सिस्टरांना अभ्यास दाखवला. त्यांनी सगळं वाचलं आणि विचारलं, "तीस पेशंटला एक नर्स. रोज हात बघणार कोण?" घरी येऊन पुढचं वाचलं. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात ठरल्या वेळी सुई बदलणं थांबवलं, तेव्हा सुईमुळे होणारा रक्तातला जंतुसंसर्ग वाढला. हा अभ्यास २०२१चा. मंगळवारी मला हवं ते सापडलं आणि मी तिथेच थांबले होते.

रविवार, ९ जून
७२ तासांचा नियम तूर्त राहतोय. तो बदलायचा की नाही, हे संसर्ग नियंत्रण समितीपुढे जाईल. पण आजपासून जागेवर पारदर्शक ड्रेसिंग, आणि ओव्हर देताना दोघींनी मिळून हात बघायचा. चार्टवर वेळेशेजारी नवा रकाना आखला : 'जागा कशी?' आजींच्या ओळीत पहिली नोंद मीच केली.