महेश्वरचें लुगडें

इंदुराहून सुमारें ९० किलोमीटरांवर, नर्मदेच्या उत्तर तीरीं महेश्वर आहे. प्राचीन माहिष्मती ती हीच, असें पुष्कळ विद्वान मानतात. पण घाटावर उतरणाऱ्या मराठी माणसास आधीं आठवण होते ती अहिल्याबाईंची. १७६७ सालीं कारभार हातीं आल्यावर त्यांनीं राजधानी येथें आणली व परगांवचे विणकर बोलावून वसविले. दरबारीं आहेरास शोभेल असें वस्त्र गांवांतच निघावें, हा त्यांतला हेतु सांगतात.

१८१८ त राजधानी इंदुरास गेली आणि मागांस उतरती कळा लागली. उरलेलें गिऱ्हाईक गिरण्यांनीं नेलें. ही कला बुडूं नये म्हणून १९७९ सालीं होळकर घराण्यांतील रिचर्ड होळकर व त्यांच्या पत्नी सॅली यांनीं ‘रेहवा’ ही संस्था काढली. रेवा म्हणजे नर्मदा. तेंच हें नांव. किल्ल्याच्या आवारांत तिचे माग आहेत आणि तेथेंच विक्रीही होते. मागावर बहुतेक बायका! पूर्वीं विणणें पुरुषांचें. बायकांनीं सूत उकलावें, कांड्या भराव्या. हें ध्यानांत घेतलें म्हणजे या बदलाचें मोल कळतें.

दुकानांत रंगांपेक्षां काठ पाहावे. वीट, चटई, हिरा या नक्ष्या किल्ल्याच्या दगडांवरून उचललेल्या; लहर मात्र खालच्या नदीची. काठ सुलट-उलट सारखाच दिसतो. त्यास बुगडी म्हणतात. पदरास पांच पट्टे. जुनें लुगडें निव्वळ सुती नि नऊवारी. आतां ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि लांबी बहुधा सहा वार. आमच्या आजीनें हिला लुगडें म्हटलें असतें कीं नाहीं, कोण जाणे! पण पोत तेंच, हलकें आणि सात्त्विक.

‘अशोका’ (२००१), ‘पॅडमॅन’ (२०१८) अशा चित्रपटांनीं हा घाट घरोघर नेला. प्रवासी वाढले, विणकरांच्या हातास काम मिळालें, हें चांगलेंच. पण यंत्रमागावरची नक्कलही याच नांवानें बाजारांत खपते, आणि ती स्वस्त असते. घाईंतल्या प्रवाशास दोहोंतला फरक दिसत नाहीं. त्याची झळ मात्र मागावर बसलेल्या बाईच्या चुलीला लागते. म्हणून किंमतीची घासाघीस करण्यापूर्वीं घटकाभर मागाजवळ उभें राहावें. एकेक धागा ठोकतांना हात किती वेळां चालतो, तें दिसतें.

आमच्या घरांतून तसें उभें राहणें झालें. मग काठ उलटून पाहिला, पदराचे पट्टे मोजले, आणि किंमत न विचारतांच साडी बांधावयास सांगितली.